तांडेल सिस्टरची हद्द

तांडेल सिस्टरला लिफ्टमध्ये काही विचारायचं नसतं, हे मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी कळलं. मी नवी प्रशासन अधिकारी, ती कॅज्युअल्टीची इन-चार्ज. लिफ्टमध्ये आम्ही दोघी आणि कुणाचा तरी डबा घेऊन निघालेले एक आजोबा. मी विचारलं, "सिस्टर, तीन नंबरच्या बाईंचं काय झालं?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "जिताडा बरा आलाय आज. पन भाव इचारू नका."

मला वाटलं, बाईंना कमी ऐकू येतं. आजोबांनी मात्र लगेच भाव विचारला आणि तळमजला येईपर्यंत दोघांचं मासळीवर बोलणं झालं. खाली उतरल्यावर तिनं कॅज्युअल्टीचं दार ढकललं, ते आमच्यामागे बंद झाल्याची खात्री केली आणि मग वळली.

"पायाचं हाड मोडलंय. ऑपरेशन उद्या. अजून काय इचारायचं ते आता इचारा. इथं सगळं सांगते. दाराच्या पलीकडं मला फक्त मासळीतलं कळतं."

हा तिचा विनोद नव्हता. कॉरिडॉर, कॅन्टीन, पार्किंग, कपडे बदलायची खोली, कुठेही पेशंटचा विषय काढला की ती बोंबील, कोलंबी, खाडीची भरती असल्या गोष्टींवर घसरायची. डॉक्टर मंडळी तिला हसायची. पण काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की कॉरिडॉरमध्ये बोलता बोलता आमचे डॉक्टरही अडखळतात, इकडेतिकडे बघतात आणि आत येऊन वाक्य पूर्ण करतात. नोटीस लावून हे झालं नसतं. मी लावून पाहिली होती.

ती करावे गावची. वडील खाडीत मासे धरायचे. "बापाचं जाळं कुठं लागलंय ते बाप आईलासुदा सांगत नव्हता," असं ती सांगायची. "आईचं माहेर शेजारच्या गावचं. सांगून चालेल?" आता खाडीकाठी टॉवर आहेत, भावांनी जमिनीचे पैसे करून गाड्या घेतल्या आहेत. ही मात्र रिक्षाने यायची, कापडी पिशवीत तांदळाची भाकरी आणि सुकट घेऊन. बसून जेवताना मी तिला पाहिलेली नाही. एका हातात भाकरी, दुसरा हात मोकळा, आणि नजर दाराकडे. दोन अँब्युलन्सच्या मधल्या वेळातही ती चालत असायची, बेडवरून दाराकडे, दारावरून औषधांच्या कपाटाकडे. तिच्याशी बोलायचं तर बरोबर चालावं लागे. मी साताऱ्याकडची. दमले की म्हणायची, "काय ओ, घाटावरच्या बायका ना तुमी? डोंगर चढून दूध घालनाऱ्या?" मी म्हणायचे, आमच्याकडे डोंगर चढून झाल्यावर माणूस बसतं.

कॅज्युअल्टीत रोज येणारी खरी गर्दी पेशंटची नसते. पेशंट एक असतो. त्याच्याबरोबर गल्ली येते. खाडीकाठच्या गावांतून कुणाला आणलं की मागून रिक्षा, मागून टेम्पो, आणि प्रत्येकाला हक्कानं सगळं कळायला हवं असतं. मार्केटमधून माथाडी कामगार आला तर अख्खी टोळी पोर्चमध्ये उभी. सगळे प्रेमानेच आलेले असतात, त्रासही त्याचाच. यावर सिस्टरने एक लोखंडी स्टूल शोधून काढलं होतं. पेशंट शुद्धीवर असला की सुई टोचायच्या आधी ती विचारायची, "स्टुलावर कोन बसनार?" तो ज्याचं नाव घेईल तोच माणूस आत. त्या स्टुलावर बसलेल्यालाच सांगायचं, आणि तो उठून बाहेर गेला की त्यालाही मासळीच.

लोक कुणाची नावं घेतात हे पाहण्यासारखं असे. एकदा कांदा-बटाटा मार्केटमधला एक हमाल आला, पाठीवर गोणी घसरून मणक्याला मार. सख्खा भाऊ बाहेर उभा. या गड्याने नाव घेतलं ते त्याच्या खानावळवाल्या बाईचं. भाऊ भडकला.

"मी सख्खा भाऊ हाय त्याचा! ती कोण लागती?"

"मना काय माहीत? त्यानं नाव घेतला, मी नाय," सिस्टर म्हणाली.

खानावळवाली आली, हाताला पीठ तसंच. तिला सगळं सांगितलं. संध्याकाळी मी त्या गड्याला विचारलं, अरे, भावाला का नाही? तो म्हणाला, "त्यो लगेच आईला फोन करणार. आई उद्या हितं येऊन बसणार. मग म्हशी कोण बघणार?"

दुसरा प्रसंग महाप्याच्या एका कारखान्यातला. कामगाराचा हात मशीनमध्ये सापडला होता. त्याच्या मागोमाग गळ्यात ओळखपत्र घातलेला एक गृहस्थ आला, अगदी सौम्य. त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं की कामगाराच्या रक्तात दारू सापडली का.

"मी कंपनीकडून आलोय, सिस्टर."

"मंग कंपनीत जा."

"अहो, आम्हीच बिल भरणार आहोत."

"बिलाची खिडकी बाहेर उजव्या हाताला. तिथं हात किती कापला ते नाय सांगत, आनि इथं बिल नाय सांगत. ज्याची त्याची जागा हाय."

तो गृहस्थ माझ्याकडे तक्रार घेऊन आला. मी त्याला चहा दिला आणि तक्रार लेखी द्या म्हणाले. लेखी कुणी देत नाही.

अशा बाईला नवी यंत्रणा आवडणार नाही असं आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं. झालं उलटं. टॅब आले. पेशंटची ओळख पटली की त्याचं दुसऱ्या दवाखान्यांतलं जुनं दुखणंही त्यावर दिसणार होतं. आधीची ऑपरेशनं, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी. बेशुद्ध माणसाच्या बाबतीत हे किती मोलाचं ते सांगायला नको. पण एवढं सगळं उघडं पडू नये म्हणून एक अट होती. टॅब कॅज्युअल्टीच्या हद्दीत असेल तरच फाइल उघडणार. हद्दीबाहेर पाऊल पडलं की पडदा काळा. टॅबला आपण कुठे आहोत ते कळायचं.

"म्हंजे यंत्राला माझी अक्कल आली," सिस्टर म्हणाली.

हद्द आखायला महाप्याहून ऋतुजा नावाची इंजिनिअर आली होती. तिने लॅपटॉपवर आमच्या इमारतीचा नकाशा उघडून कॅज्युअल्टीभोवती एक चौकोन काढला. सिस्टरने तिला खुर्चीत बसू दिलं नाही. टॅब हातात घेऊन दोघी दिवसभर फिरल्या. दारापर्यंत, दाराबाहेर, भिंतीला लागून, संडासात, पोर्चमध्ये. मागच्या भिंतीपलीकडच्या चहाच्या टपरीवर टॅब उघडला तेव्हा सिस्टर तिथूनच ओरडली, "ऋतुजा बाय, चहावाल्याला पन डॉक्टर केलास काय?" चौकोन आत घेतला. पोर्चमध्ये उतरवतानाच पेशंट गचके खाऊ लागतो, तिथं उघडलं पाहिजे, म्हणून तिकडे तो बाहेर काढला. शेवटी जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली. त्या दिवशी मी सिस्टरला खूश पाहिलं. मीही खूश होते, माझ्या अहवालात सगळं बसत होतं.

चारही बाजू तपासल्या होत्या. वर कुणी पाहिलं नव्हतं. नकाशाला मजला नसतो.

मग प्राचीला आणलं.

लग्न होऊन वर्ष झालेली मुलगी, सासर करावे, सिस्टरच्याच आळीत. वाशीला साड्या घेताना दुकानात पडली. सासू यमुनाबाई, सासरे भगवानशेठ, आणि मागून आळी. मुलीला आकडी येऊन गेली होती, दात लागून जीभ चावली गेली होती. टॅबवर फाइल उघडली. लहानपणापासून फिट येतात, गोळ्या चालू आहेत. शुद्धीवर आल्यावर सिस्टरने तिचा नेहमीचा प्रश्न विचारला.

मुलगी कुजबुजली, "आई. माझी आई. सासूबाईंना नको, काकी. त्यांना माहीत नाय."

"बरं."

"काकी, शप्पत घे."

"शप्पत कशाला? झोप तू."

आई कोपरखैरण्याहून यायला वेळ लागणार होता. यमुनाबाई दाराशी येऊन उभी राहिली. गावात सिस्टरला हिरे म्हणूनच हाक मारत. "हिरे, मी सासू हाय तिची. काय झायलाय पोरीला? पोटात काय हाय का?"

"यमुनावैनी, तिची आई येते. तवर तुमी पानी प्या."

"आईला सांगशील, आन मना नाय?"

"पानी प्या."

भगवानशेठ पाणी प्यायला थांबले नाहीत. ते पहिल्या मजल्यावर गेले. तिथे आमचे संचालक बसत, सगळे त्यांना मोठे डॉक्टर म्हणत. दोघांची जुनी ओळख. मोठे डॉक्टर वाईट माणूस नव्हेत, हे मी आधीच सांगते. समोर मित्र घामाघूम होऊन बसलेला, सून जगते की मरते म्हणून विचारणारा. त्यांनी टेबलावरचा टॅब ओढला, फाइल उघडली, आणि धीर द्यायला म्हणाले, "घाबरू नका शेठ, नवीन काही नाही. फिटचं जुनंच दुखणं आहे, गोळ्या चालू आहेत." त्यांना वाटलं घरच्यांना हे माहीतच असणार.

भगवानशेठ खाली आले ते पोर्चमध्ये ओरडतच. "मिरगीवाली पोर गळ्यात मारली आमच्या!" आळीने ऐकलं. चहाच्या टपरीने ऐकलं. तेवढ्यात रिक्षातून मुलीची आई उतरत होती, तिनेही ऐकलं. ती तशीच आत आली आणि स्टुलाकडे न जाता सिस्टरसमोर उभी राहिली.

"तू बोललीस, हिरे."

"मी नाय."

"मंग कोन? गावातली इथं दुसरी कोन हाय?"

कॅज्युअल्टीत गावातली दुसरी कुणी नव्हतीच.

सिस्टरने त्या बाईला स्टुलावर बसवलं, औषधांचं सगळं नीट समजावून सांगितलं. आई ऐकत होती, पण बघत भिंतीकडे होती. मग सिस्टरने टॅब उचलला आणि मला म्हणाली, "चला." जिन्यावर पडदा काळा झाला. पहिल्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये काळाच. मोठ्या डॉक्टरांच्या केबिनचं दार तिने न वाजवता ढकललं, आत पाऊल टाकलं, आणि प्राचीची फाइल उघडली.

मोठे डॉक्टर चष्मा काढून बघत राहिले. "काय झालं, सिस्टर?"

"साहेब, तुमच्या खुर्चीखाली माझी कॅज्युअल्टी हाय." तिने टॅब त्यांच्यासमोर ठेवला. "ह्याला वरखाली कळत नाय. तुमी माझ्या हद्दीत बसलाय."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग मी पोर्चमधलं सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. दुरुस्ती करून घेऊ म्हणाले, आणि खरोखर करून घेतली. आता कॅज्युअल्टीच्या भिंतीवर एक डबी आहे, टॅब तिच्या जवळ असल्याशिवाय उघडत नाही. तोवर त्यांनी आपलं टेबल इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, कॅन्टीनच्या वर हलवलं. दिवसभर तळणाचा वास येतो म्हणून ते कुरकुरत, पण बसले तिथेच. त्या दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट देऊ केली, आणि मला वाटतं त्यांना ती सोपी नव्हती. ते म्हणाले, "मी शेठना फोन करतो. सिस्टरने काही सांगितलं नाही, माझ्याच तोंडून गेलं, असं सांगतो. त्यांच्या घरी जाऊन सांगतो."

"नको," सिस्टर म्हणाली.

"अहो, पण तुमच्यावर आळ..."

"तुमी घरी जानार. चार मानसं जमनार. परत त्या पोरीचं दुखनं निघनार. एकदा निघालं तेवढं बास."

जिन्यावर मी तिला धरलं. "अगं, वेडी आहेस का? साहेब स्वतःहून सांगतो म्हणतायत. गावात नाव जाईल तुझं."

"नाव माझं हाय," ती म्हणाली. "दुखनं तिचं हाय." आणि उतरायला लागली.

मला राग आला होता. अजूनही थोडा आहे. कारण नाव गेलं, आणि ते एकटीचं गेलं नाही. खाडीकाठची माणसं आमच्याकडे येत ती तिच्या भरवशावर. पोटातलं बोलत. दारू किती, गोळ्या कुठल्या, पाळी चुकली का, नवऱ्याने मारलं का. त्या घटनेनंतर माणसं यायची, पण तिला बघून गप्प व्हायची. एक म्हातारा आला, कोयत्याने पोटरी कापलेली. रक्त थांबेना. सिस्टरने विचारलं, बाबा, रक्त पातळ व्हायची गोळी घेता का? "नाय." हृदयाचं काही? "काय नाय." बायको बाजूला पदर तोंडाला लावून. फाइलमध्येही काही नव्हतं, गावातल्या खाजगी डॉक्टरकडची औषधं तिथे पोचतच नाहीत. बराच वेळ धावपळ झाली. रक्ताची बाटली मागवली. शेवटी सदरा कापताना खिशातून गोळ्यांची पट्टी खाली पडली.

सिस्टरने ती पट्टी उचलून बायकोपुढे धरली. "का नाय सांगितला, काकी?"

म्हातारी म्हणाली, "तुना सांगितला की गावात जातं."

म्हातारा वाचला. पण त्या दिवशी सिस्टर औषधांच्या कपाटापाशी गेली आणि आपण कशाला आलो हे विसरल्यासारखी उभी राहिली. मी विचारलं, आता तरी साहेबांना बोलू देतेस? तिने मान हलवली. म्हणाली, "उद्या कुनाचं तरी हेच व्हनार, आनि पट्टी खिशात नसनार." हे तिला कळत होतं. कळूनही तिने तोंड उघडलं नाही. मी मनात तिला हट्टी म्हटलं, आणि तोंडावरही.

प्राचीचं लग्न मोडलं नाही. तिच्या नवऱ्याला हे लग्नाआधीपासून माहीत होतं, तिनेच सांगितलं होतं, लपवलं होतं फक्त थोरल्यांपासून. तो उरणहून धावत आला आणि बापाशी भांडून बायकोला घेऊन उलव्याला भाड्याच्या घरात गेला. यमुनाबाईचा मुलगा घराबाहेर गेला, आणि गावाच्या हिशोबात तोही सिस्टरमुळेच.

पुढच्या हंगामात आमच्या वरच्या वॉर्डात आयाचं काम करणाऱ्या कुंदामावशीच्या मुलाचं लग्न निघालं. कुंदामावशीही करावेचीच. हळदीला या, असं तिने आम्हा सगळ्यांना बजावलं होतं. आगऱ्या-कोळ्यांची हळद म्हणजे काय ते नवी मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. लग्नापेक्षा मोठी. मी दुपारीच गेले, कारण नुसतं जेवायला जाणं मला जमत नाही. मांडवामागे बायकांनी चुली मांडल्या होत्या, वड्यांचं पीठ मळून तयार होतं. माझ्या हातात झारा देऊन मला कढईपुढे बसवलं. पलीकडे धवले, म्हणजे हळदीची गाणी, म्हणायला आलेली म्हातारी सुपारी कातरत बसली होती. सिस्टर कांद्यांच्या ढिगापाशी होती. तिच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढी जागा रिकामी होती. बाकी सगळीकडे गुडघ्याला गुडघा.

यमुनाबाई समोरच होती, वडे थापत.

सुपारीवाल्या म्हातारीनेच विषय काढला. म्हातारीला काय भीती? "हिरे, गाव बोलतं ते खरा का खोटा? यमुनाच्या सुनेचा तूच सांगितलास ना?"

थापण्याचे आवाज थांबले. मी झारा धरून बसले. मला वाटलं, आता बोलेल. एकच वाक्य होतं. मी नाही, साहेबांनी सांगितलं. ते बोलायला याहून चांगली जागा मिळणार नव्हती, सगळी आळी समोर होती. बोलली नसती तर मीच बोलणार होते, वाक्य तोंडात आलं होतं.

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी ते वाक्य गिळलं आणि कढईतला वडा उलटला.

"कुनाच्या सुनेचा?" ती म्हणाली. "मना कुनाच्या सुनेचा काय माहीत नाय."

"अगो, मिरगीचा!"

"आमी कुनाचं बोलत नाय, आजी. कांदा किती कापू अजून?"

कुणीतरी नाकातून हसलं. कुणीतरी म्हणालं, चोराच्या उलट्या बोंबा. सिस्टर कांदा कापत राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, एवढंच. यमुनाबाई तिच्याकडे बघत होती. हातातला वडा तिने थापला, परत गोळा केला, परत थापला. बराच वेळ. आजूबाजूच्या बायका दुसऱ्या विषयावर गेल्या, मांडववाल्याला शिव्या देऊ लागल्या. म्हातारीने धवल्याचा सूर लावला.

तेव्हा यमुनाबाई उठली. पिठाचे हात धुतले, पदराला पुसले. कांद्यांच्या ढिगापाशी जाऊन म्हणाली, "हिरे, जरा ये."

सिस्टर विळी आडवी करून उठली. दोघी मांडवाच्या कनातीमागे, पाण्याच्या टाकीपलीकडे गेल्या. कनात वाऱ्याने हलली की दिसायच्या. यमुनाबाई एका हाताने टाकीचा काठ धरून उभी होती. दुसऱ्या हाताने तिने पोलक्यावरून छातीच्या डाव्या बाजूला, काखेजवळ, एक जागा दाखवली. सिस्टरने आपला हात आधी साडीला पुसला आणि मग ती जागा बोटांनी चाचपली. यमुनाबाई बोलत होती. भरभर बोलत होती, बऱ्याच दिवसांचं साठलेलं असावं तसं.

काय बोलली ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. कढईतले वडे करपायला लागले होते, ते काढायला मी पाठ फिरवली.